लॅपटॉपवर बिल निघतं, सर्व्हरवर का नाही?

बिलिंगचं सॉफ्टवेअर करून घेतलं, डेमोला छान चाललं. आणि दुकानात पहिल्याच दिवशी बिलाचं बटण दाबलं तर पांढऱ्या पानावर 'व्हाइटलेबल एरर पेज', खाली ५००. गिऱ्हाईक समोर ताटकळतंय. डेव्हलपर फोनवर म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय." तो खोटं बोलत नसतो, आणि गोम तिथेच आहे.

जावातलं स्प्रिंग बूट आणि थायमलीफ वापरलं असेल, तर प्रत्येक पानाचा एक साचा असतो, म्हणजे टेम्प्लेट. आपल्या छापील बिलबुकासारखा. रकाने तयार, नाव आणि रक्कम भरायची. हे साचे रिसोर्सेसमधल्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅम फक्त 'बिल' एवढं नाव सांगतो. थायमलीफ त्याच्या आधी फोल्डर आणि शेवटी डॉट एचटीएमएल जोडून फाइल शोधतं.

सापडली नाही, तर लॉगमध्ये 'एरर रिझॉल्व्हिंग टेम्प्लेट' अशी ओळ येते. तीच ओळ डेव्हलपरकडून मागवा. चौकटी कंसात त्याने शोधलेलं नाव असतं, ते अक्षर न् अक्षर वाचा. फाइलच्या नावात बी कॅपिटल आणि कोडमध्ये स्मॉल, एवढंही पुरतं! विंडोजला दोन्ही सारखेच, लिनक्स सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कोडमध्ये नावाआधी दिलेला स्लॅश. फोल्डरमधून चालवताना तो खपून जातो, पण सगळं एका जार फाइलमध्ये बांधलं की बऱ्याचदा तिथेच अडतं.

नाव बरोबर असेल, तर साचा जारमध्ये गेलाय का ते बघा. जार कमांडला टीएफ जोडून फाइलचं नाव दिलं की आतली पूर्ण यादी दिसते. यादीत 'बूट-इन्फ'च्या खाली 'क्लासेस', त्यात 'टेम्प्लेट्स', आणि तिथे बिलाची फाइल हवी. नसेल तर ती चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवलीय किंवा गिटमध्ये चढलीच नाही. सर्व्हरवर जारच्या शेजारी हाताने फाइल नेऊन ठेवली तर काही होत नाही, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये शोध जारच्या आतच होतो.

अजून एक. विंडोजवर फाइलचं फक्त कॅपिटल-स्मॉल बदललं, तर गिटला तो बदल बहुतेक वेळा कळतच नाही. डेव्हलपर शपथेवर सांगेल की दुरुस्त केलंय, आणि सर्व्हरवर जुनंच नाव राहील. अशा वेळी 'गिट एमव्ही'ने नाव बदलायला सांगा.

या एररवर कोणी "मोठा सर्व्हर घ्या" म्हणालं, तर पैसे काढू नका. मेमरी वाढवून फाइल सापडत नाही. पुढच्या वेळी काम ताब्यात घेताना एवढीच अट घाला: डेव्हलपरने एडिटरमधून न चालवता, बांधलेली जार आपल्यासमोर चालवायची आणि प्रत्येक पान उघडून दाखवायचं. बिल, पावती, परत आलेल्या मालाची नोंद, सगळी.