पिकलेले आवाळू : ओळख व उपचार

जासईसारख्या पनवेल-उरण पट्ट्यातील गावांत भातलावणीच्या दिवसांत माणूस दिवसभर चिखलात वाकून काम करतो. पाठीवर, मानेवर किंवा कानामागे वर्षानुवर्षे न दुखणारी गाठ अशा वेळी सुजून ठणकू लागली, तर ऐन हंगामात कामाचा माणूस घरी बसतो. यास्तव या विकाराची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

आवाळू म्हणजे काय?

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी आत दबल्या जाऊन त्यांची पिशवी बनते. तीत साठणारा पांढरट, दुर्गंधी लगदा ही चरबी नसून त्वचेचाच झडलेला कोंडा होय. गाठ वाटोळी असून बोटाने किंचित हलते व पुष्कळदा तिच्या मध्यभागी काळा ठिपका दिसतो. चरबीची गाठ अधिक मऊ असते व तिला असा ठिपका नसतो. गाठ कठीण, न हलणारी किंवा झपाट्याने वाढणारी असल्यास ती आवाळू समजून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांस दाखवावी.

पिकल्याची लक्षणे

गाठ लाल व गरम होते, सुजते आणि ठणकते. पू झाल्यास ती मध्ये मऊ लागते. सुश्रुतसंहितेतही सुजेच्या कच्ची, पिकू लागलेली व पिकलेली अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. पिशवी आतल्या आत फुटूनही सूज येते. म्हणून प्रत्येक वेळी प्रतिजैविक औषध लागतेच असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.

उपचार

१. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी सुमारे १५ मिनिटे शेकावे.

२. गाठ पिळू नये, सुईने वा काट्याने टोचू नये. बिब्ब्याने कातडी भाजते. शेण व मातीतून धनुर्वाताचे जंतू शिरतात. यांपैकी काहीही लावू नये.

३. पू झाल्यास दवाखान्यात चीर देऊन तो काढून घ्यावा व धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

४. जखम भरेपर्यंत ती झाकलेली व कोरडी ठेवावी; चिखलात उतरू नये.

ताप आला, लाली पसरू लागली, गाठ नाका-डोळ्यांजवळ असली किंवा रोग्यास मधुमेह असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पू निघाला म्हणजे रोग गेला असे नव्हे. लव्हाळा वरून कापला व जमिनीतील गाठ तशीच राहिली, तर तो पुन्हा उगवतो. आवाळूच्या पिशवीचेही तसेच आहे. सूज पूर्ण ओसरल्यावर, साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी, लहानशा शस्त्रक्रियेने पिशवी समूळ काढता येते. न दुखणारे आवाळू काढून घेणे सक्तीचे नाही. परंतु ते वारंवार पिकत असल्यास लावणीपूर्वी, उन्हाळ्यातच काढून घेणे हिताचे होय.