पेट्रोल टाकीत आहे, पण यंत्रापर्यंत पोहोचत नाही



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका आजारी आजींना पवित्र ख्रिस्तशरीर देण्यासाठी मी वाडीवर निघालो होतो. वाटेत वादळाने उन्मळलेले जांभळाचे झाड रस्त्यावर आडवे पडले होते. वाडीत चेनसॉ, म्हणजे आपण ज्याला कटर म्हणतो ती यंत्रे, तीन होती. दोरी ओढून ओढून तरुणांचे खांदे भरून आले, पण एकही सुरू होईना. शेवटी कुऱ्हाडीने वाट करण्यात दोन तास गेले. तिन्ही टाक्यांत पेट्रोल होते; मात्र ते मार्च महिन्यात भरलेले होते. मी उशिरा का होईना, पोहोचलो. पण त्याच वेळी एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते तर? म्हणून या वेळचा पाठ कटरच्या इंधनमार्गाचा.

प्रथम पेट्रोलची वाट समजून घेऊ. टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला एक लहान जड फिल्टर असतो. यंत्र कसेही कलले तरी तो पेट्रोलच्या मागे सरकतो. तेथून रबरी नळीने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये जाते. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो, कटरमध्ये तो नसतो; त्याऐवजी पातळ लवचीक पडदे असतात. इंजिनमधील दाबाच्या चढउताराने पडदा हलतो व पेट्रोल ओढले जाते. म्हणूनच कटर आडवे धरूनही चालते. बिघाड शोधताना याच वाटेने, टाकीपासून पुढे जावे. बरेचजण उलटे करतात. आधी कार्बोरेटर खोलतात आणि साधा दोष किचकट करून ठेवतात.

यंत्र थंड होऊ द्या, स्विच बंद करा, चूल व विडी दूर ठेवा. पाच-सहा वेळा दोरी ओढूनही सुरू झाले नसेल तर प्लग काढून पाहा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे. एकतर ते ओव्हर झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. ओव्हर झाले असल्यास चोक उघडा, स्विच बंदच ठेवून प्लगविना काही वेळा दोरी ओढा आणि प्लग पुसून, वाळवून बसवा.

प्लग कोरडा निघाला तर पुढील क्रमाने तपासा.

1. पेट्रोल. टाकीतले पेट्रोल काचेच्या बरणीत ओता व थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा जुनाट आंबूस वास आला, तर ते यंत्रात पुन्हा घालू नका.

2. झाकणाची हवा. पेट्रोल जाते तशी टाकीत हवा शिरावी लागते. ते छिद्र भुश्श्याने बुजले तर यंत्र काही मिनिटे चालून बंद पडते. यंत्र निवल्यावर झाकण सैल करून पुन्हा घट्ट लावा. तेवढ्याने ते सुरू झाले व थोड्या वेळाने तसेच बंद पडले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. गरम यंत्राचे झाकण उघडू नका, पेट्रोल उसळते.

3. फिल्टर. तारेचा आकडा करून तो टाकीतून बाहेर ओढा. काळा, चिकट झाला असेल तर बदला. फिल्टर काढून टाकून यंत्र चालवणे म्हणजे कचरा थेट कार्बोरेटरमध्ये धाडणे होय.

4. नळी. वाकवून पाहा. बारीक चीर असेल तर नळी पेट्रोलबरोबर हवाही ओढते. मग यंत्र कलते केले की त्याचा आवाज बदलतो किंवा ते बंद पडते. यंत्राला दाबायचा रबरी फुगा असेल तर काम सोपे. फुगा पेट्रोलने भरला तर कार्बोरेटरपर्यंतची वाट मोकळी आहे. बुडबुडे थांबतच नसतील तर बहुधा नळी फुटली आहे.

5. कार्बोरेटर. वरील सर्व ठीक असेल तरच दोष येथे शोधावा. आतली बारीक जाळी तुंबते, पडदे कडक होतात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे. स्क्रू पिळून जोर वाढवू पाहू नका. पेट्रोल कमी पडले की इंजिन आधी जोरात किंचाळते आणि मग तापून पिस्टन सीझ होतो. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, हे लक्षात असू द्या.

येथे एक नवी गोष्ट. 2023 च्या फेब्रुवारीत बेंगळुरू येथे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रारंभ झाला व 2025 पर्यंत ते देशभर पोहोचले. हे इथेनॉल आपल्या बेळगाव भागातील उसाच्या मळीपासूनही बनते. त्यात आपला फायदाच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि फिल्टरही तळाशीच असतो. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. अशा वेळी यंत्र चुकून चालले तरी ते वंगणाविना चालते. म्हणून पंधरा दिवसांत संपेल एवढेच मिश्रण करा. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर एक लिटरला 20 मिलिलिटर ऑइल, 25 ला 1 असेल तर 40 मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका.

आता आरोग्याचे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय सोडा. ते फुप्फुसात उतरले तर जिवावर बेतते. कोणाच्या पोटात पेट्रोल गेलेच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका; तडक दवाखान्यात न्या. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नका. तहानलेल्या लेकराला बाटली तेवढी ओळखीची असते.

मे अखेर तोडणीचे काम संपले की टाकी रिकामी करा, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होईल. फिल्टर पुसून यंत्र कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ताजे मिश्रण थोडेसे घालून ते चालवून पाहा व पुन्हा रिकामे करा.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकला आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. पाचजणींजवळ वेळेला तेल नव्हते. आपल्या वाडीत यंत्रे तीन आहेत. येत्या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली टाकी उघडून पाहावी, एवढीच विनंती.