डाउन सिंड्रोम असलेले बालक आणि सामान्य शाळा : वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

डाउन सिंड्रोम असलेल्या बालकास घेऊन पालक वैद्याकडे येतात, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असते की, बुद्धी वाढविणारे व वाचा फुटण्याचे औषध आधी मिळावे आणि गुण आल्यावर बालकास शाळेत घालावे. हा क्रम बालकाच्या हिताचा नाही. औषधाच्या प्रतीक्षेत तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा बहुमोल काळ निघून जातो व तो परत मिळत नाही. पालकांचा ज्यांच्यावर विश्वास असतो अशा वैद्याने व औषधविक्रेत्याने योग्य वेळी योग्य सल्ला दिल्यास ही हानी टळू शकते. त्या दृष्टीने आवश्यक माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

१. अवस्थेचे स्वरूप

इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे कारण प्रसिद्ध केले. या बालकांच्या पेशींमध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. सुमारे ९५ टक्के बालकांत ही अतिरिक्त प्रत स्वतंत्र असते. उरलेल्यांपैकी काहींत ती दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेली असते, तर काहींत ती केवळ काही पेशींतच आढळते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीने गर्भात विकृती उत्पन्न होते, असे प्रतिपादन केले आहे. आधुनिक गुणसूत्रविचार व हा विचार एकच आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोष बीजगत व सहज आहे, एवढे त्यावरून पालकांना समजावून सांगता येते. मातेचे वय वाढते तशी शक्यता वाढते, हे खरे. तथापि तरुण मातांनाही अशी अपत्ये होतात. गर्भिणीच्या आहारविहारातील चुकीमुळे वा ग्रहणामुळे असे घडले, हा घराघरांतून ऐकू येणारा आरोप निराधार आहे. वैद्याने तो स्पष्ट शब्दांत खोडून काढला, तर त्या मातेवरील मोठा भार उतरतो.

सहज दोष औषधाने नाहीसा होत नाही. असाध्य व्याधी बरा करण्याची जबाबदारी पत्करणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यशाची हानी होते, हा सूत्रस्थानातील इशारा येथे पूर्णपणे लागू पडतो. मात्र दोष असाध्य असला, तरी बालकाची प्रगती असाध्य नाही. ही बालके बोलतात, वाचतात व व्यवहार शिकतात. गती मंद असते आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते.

२. शाळाप्रवेशापूर्वीच्या तपासण्या

बालक शिकत नाही, असे म्हणण्यापूर्वी त्याला ऐकू येते का व दिसते का, हे पाहणे आवश्यक आहे. या अवस्थेत सुमारे तीन-चतुर्थांश बालकांत कोणत्या ना कोणत्या प्रमाणात श्रवणदोष आढळतो. मध्यकर्णात द्रव साचणे हे त्याचे नेहमीचे कारण असून त्यावर उपचार होऊ शकतात. निम्म्याहून अधिक बालकांत दृष्टिदोष असतो. सुमारे निम्म्या बालकांत जन्मजात हृद्रोग असतो. म्हणून लक्षणे नसली, तरी प्रत्येकाची हृदयाची सोनोग्राफी झालेली असावी. थायरॉइडची न्यूनता पुष्कळदा हळूहळू उद्भवते व मंदपणा मूळ अवस्थेचाच आहे असे समजून दुर्लक्षिली जाते. यासाठी टीएसएच तपासणी दरवर्षी करावी. रात्री घोरणे व श्वास अडखळणे यामुळे झोप मोडते आणि बालक वर्गात पेंगते. याचाही शोध घ्यावा.

मलावष्टंभ ही नित्याची तक्रार आहे. स्नायुशैथिल्य हे तिचे एक कारण असले, तरी थायरॉइड व आतड्याचे जन्मजात विकार वगळल्याखेरीज विरेचक औषधे देत राहू नये. चालू असलेली थायरॉइडची गोळी परस्पर बंद करू नये.

या बालकांचे सांधे सैल असतात व मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील जोड काहींत अस्थिर असतो. अभ्यंग मृदू हाताने करावा. मानेस झटका देणे वा जोराने मर्दन करणे वर्ज्य समजावे. शाळेतील योगवर्गात शीर्षासन, सर्वांगासन, हलासन व कोलांट्या टाळण्यास सांगावे. मानदुखी, मान वाकडी धरणे, चालण्यात बदल, हातातील शक्ती कमी होणे किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे यांपैकी काही दिसल्यास बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

३. बालक कसे शिकते?

या बालकांची दृश्य स्मृती श्रवणस्मृतीपेक्षा सामान्यतः चांगली असते. ऐकलेली लांब सूचना ती धरून ठेवू शकत नाहीत. त्यांना समजते पुष्कळ, बोलता येते त्या मानाने थोडे. त्यामुळे उत्तर देत नाही म्हणून कळत नाही, असा शिक्षकांचा ग्रह होतो. यावरील उपाय साधे आहेत. बालकास पहिल्या बाकावर बसवावे. सूचना एका वेळी एकच, समोर येऊन व हातवाऱ्यांसह द्यावी. उत्तरासाठी थोडा अवधी द्यावा. मुळाक्षरे पाठ होण्याची वाट न पाहता स्वतःचे नाव, आई, पाणी असे परिचित शब्द चित्रांसह वाचावयास द्यावेत. बोटे आखूड व स्नायू शिथिल असल्याने लेखन उशिरा येते. तोपर्यंत शब्दपट्ट्या निवडून उत्तर देण्याची मुभा असावी.

४. सामान्य वर्गच का?

इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील प्राध्यापिका स्यू बकली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य शाळेत व विशेष शाळेत शिकलेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या किशोरवयीन मुलांची तुलना केली. सामान्य वर्गातील मुले बोलण्यात सुमारे अडीच वर्षांनी, तर वाचन-लेखनात तीन वर्षांहून अधिक पुढे असल्याचे त्यांना आढळले. अभ्यास लहान होता, हे ध्यानात ठेवावे. दैनंदिन स्वावलंबनात सामान्य वर्गातील मुले मागे पडली नव्हती; मात्र समान अवस्थेतील जिवलग मित्र मिळण्याच्या बाबतीत विशेष शाळेतील मुलांची स्थिती अधिक चांगली होती. म्हणून सामान्य शाळेत घातलेल्या बालकास अशाच इतर बालकांचा सहवास मिळेल, याकडे पालकांनी लक्ष द्यावे.

भाषा ही समवयस्कांत राहून वाढते, हे यातील मुख्य सूत्र आहे. परंतु साहाय्याशिवाय नुसते वर्गात बसविणे म्हणजे समावेशन नव्हे. बालकासाठी स्वतंत्र शिक्षण आराखडा व विशेष शिक्षकाचे मार्गदर्शन नसेल, तर ते मागील बाकावर उपेक्षित राहते.

५. कायद्याची तरतूद

"आमच्याकडे सोय नाही" असे सांगून प्रवेश नाकारल्याच्या तक्रारी पालकांकडून आजही ऐकू येतात. अशा वेळी पुढील तरतुदी पालकांना माहीत असाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य व अनुदानित शाळांनी दिव्यांग बालकास भेदभाव न करता प्रवेश द्यावा व समावेशक शिक्षण द्यावे, यासाठी शासनाने प्रयत्न करावा, अशी तरतूद आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचा उल्लेख आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे.

६. वैद्य व औषधविक्रेते यांचे कार्य

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाड्या व शाळांत जाऊन बालकांची तपासणी करणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी व औषधनिर्माता यांची योजना आहे. म्हणजे हे काम आपल्याच व्यवसायबंधूंकडे आलेले आहे. शंका आलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. तेथील वाचा व व्यायाम उपचार पहिल्या वर्षापासूनच सुरू व्हावेत.

खाजगी व्यवसायातील वैद्याने शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे एक पानाचे पत्र द्यावे. बालकास संसर्गजन्य आजार नाही. श्रवण व दृष्टीची स्थिती अमुक आहे. अमुक व्यायाम टाळावेत. अमुक औषध चालू आहे. बालकास पुढे बसवावे व सूचना दाखवून द्याव्यात, एवढा मजकूर पुरे. शिक्षकांची भीती बहुधा अज्ञानातून आलेली असते व अशा पत्राने ती बरीच कमी होते.

औषधविक्रेत्यांकडे पालक मेध्य रसायने, ब्राह्मी घृत व सुवर्णप्राशन यांची विचारणा करतात. अग्नी, कोष्ठ व वारंवार होणारा प्रतिश्याय यांचा विचार करून वैद्य जे देईल ते द्यावे. पण याने बुद्धी वाढेल, हा रोग जाईल, असे गल्ल्यावरून कधीही सांगू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची 'जे' मध्ये, ज्या अवस्थांबाबत औषधाने बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी आहे. जनुकीय विकार, तसेच मेंदूची क्षमता व स्मरणशक्ती वाढविणे यांचा तीत स्पष्ट निर्देश आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी महिन्याला काही हजार रुपयांची औषधे घेणाऱ्या कुटुंबाकडे वाचा-उपचारासाठी व शाळेच्या येण्याजाण्यासाठी पैसे उरत नाहीत, याचा विचार व्हावा.

सारांश

डाउन सिंड्रोम असलेले बालक चिकित्सालयात आल्यास कान, डोळे, हृदय, थायरॉइड व मान यांची तपासणी झाली आहे का ते पाहावे. मातेवरील दोषारोप दूर करावा. बरे करण्याचे आश्वासन देऊ नये. आणि शाळेत नाव घातले आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. औषध आवश्यक असल्यास ते शाळा सुरू असतानाही चालू ठेवता येते. परंतु औषधासाठी शाळा थांबवू नये.