मडपंप चालतो, पण पाणी चढत नाही

प्रश्न : खाप्याजवळ कन्हानच्या काठाला माझी संत्र्याची बाग आहे. विहिरीतला गाळ उपसायला पेट्रोलवरचा तीन इंची मडपंप घेतला. पाणी 35 फूट खाली आहे. इंजिन जोरात चालतं, पण पाणी चढत नाही. जास्त एचपीचा घ्यावा, की हाच दोरानं विहिरीत सोडावा?
– एक शेतकरी, खापा

उत्तर : भाऊ, दोन्ही नको. तुमचा पंप बिघडलेला नसावा. पंप फक्त पाइपातली हवा काढतो. पाण्याला वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो जास्तीत जास्त 10 मीटर पुरतो, प्रत्यक्षात 7 मीटर, म्हणजे 23 फूट. एचपी वाढवून ही मर्यादा हलत नाही.

पेट्रोल इंजिन विहिरीत कधीच उतरवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; आत उतरलेला माणूस जिवानिशी जातो. विहिरीसाठी विजेचा सबमर्सिबल मडपंप भाड्यानं आणा. तो चालू असताना पाण्यात कुणी उतरू नये.

तुमचा पंप नाल्याला, शेततळ्याला, बागेत तुंबलेल्या पाण्याला उत्तम. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरा. कोरडा चालला तर सील जळतं. फूटव्हॉल्व्हची जाळी टोपलीत ठेवा, म्हणजे गाळात रुतणार नाही. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरा. काम संपलं की थोडा वेळ स्वच्छ पाणी ओढू द्या, मग खालचा बोल्ट काढून पंप रिकामा करा. महिनाभर लागणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोलही काढा. पुढच्या वेळी इंजिन सुरू करताना दोरी ओढून हात दुखणार नाहीत.