नावाचा विश्वास व जिवंत विश्वास



दरवर्षी जून महिन्यात शाळेच्या पटावर नवी नावे चढतात. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, जात, धर्म असे रकाने असतात. धर्माच्या रकान्यात ज्याच्यापुढे 'ख्रिस्ती' असे लिहिले तो ख्रिस्ती, असे लेखनिक समजतो. आणि त्याच्या कामापुरते ते बरोबरच आहे. परंतु पटावर नाव आहे एवढ्यावरून मुलगा अभ्यासू ठरत नाही, हे आपण सर्व जाणतो. मग मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे, बाप्तिस्म्याचा दाखला आहे, आदितवारी उपासनेस हजेरी आहे, एवढ्यावरून मनुष्य विश्वासी ठरतो काय? तोंडाने सांगितलेला विश्वास आणि खरा विश्वास यांत भेद कोणता, तो ओळखावा कसा, आणि ही परीक्षा कोणी कोणाची घ्यावी, या तीन गोष्टींचा या पाठात विचार करू. आपल्या शाळेत अनेक धर्मांची मुले शिकतात. येथील उदाहरणे ख्रिस्ती असली तरी प्रश्न सर्वांचाच आहे. कारण 'आम्ही अमुक धर्माचे' असे म्हणणे प्रत्येक घरात सोपे असते, आणि तसे वागणे प्रत्येक घरात अवघड असते.

दोन मुलांची गोष्ट

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभूने सांगितलेला एक लहानसा दृष्टांत आहे. एका गृहस्थास दोन मुलगे होते. त्याने एकास द्राक्षमळ्यात कामास जाण्यास सांगितले. तो साफ नाही म्हणाला. पण मागाहून त्यास वाईट वाटले व तो गेला. दुसऱ्यास सांगितले, तो मोठ्या आदराने हो म्हणाला. पण गेला नाही. बापाची आज्ञा कोणी पाळली, एवढाच प्रश्न. आपल्या रानात पेरणीच्या वेळी हाच प्रकार घडला तर शेतकरी बाप याचे उत्तर क्षणात देईल. तोंडच्या होकाराने तिफण चालत नाही.

हा दृष्टांत कोणापुढे सांगितला गेला, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो. तो चोरांपुढे किंवा नास्तिकांपुढे सांगितलेला नाही. तो मंदिरात, मुख्य याजक व लोकांचे वडील यांच्यापुढे सांगितलेला आहे. ज्यांना शास्त्र मुखोद्गत होते, ज्यांच्या प्रार्थना लांबलचक होत्या, त्यांनाच प्रभूने विचारले की, या दोघांपैकी बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले? जे लोक पापी म्हणून गावाने टाकले होते ते त्यांच्या आधी देवाच्या राज्यात जात आहेत, असेही त्याने सांगितले. म्हणजे धर्मापासून दूर असलेल्यापेक्षा धर्माच्या अगदी जवळ असलेल्यासच ही भीती अधिक आहे. शिक्षक, पाळक, मंडळीचे वडील आणि ख्रिस्ती घरात जन्मलेली मुले यांनी हे ध्यानात ठेवावे.

पंडिता रमाबाई : आठ वर्षांचे अंतर

कोणी म्हणेल, मग चांगले काम केले की झाले. विश्वास खरा ठरला. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. ते का, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून फार स्पष्ट दिसते. रमाबाईंचे नाव आपल्या मुरुमकरांस परके नाही. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यास त्यांनी ख्रिस्ती शाळा काढली व त्यांची कन्या मनोरमाबाई तेथे मुख्याध्यापिका होती. त्या काळी गुलबर्गा आणि मुरुम ही दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या कुटुंबातील स्त्रियांस संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईबाप व बहीण गेली, आणि रमाबाई भावासह पायी भटकत राहिल्या. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, त्या विधवा झाल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या २९ तारखेस वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी लुगडे टाकले नाही आणि मांसाहारही धरला नाही. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा जी भाषा मला व माझ्या लोकांस कळत नाही ती का, संस्कृत का नको, असा त्यांनी वाद घातला. जे सिद्धांत पटले नाहीत ते पटले असे त्यांनी खोटेच सांगितले नाही. त्यांच्या गुरुभगिनींस याचे दुःखही झाले. पोशाख व खाणे बदलले म्हणजे धर्म बदलला, ही समजूत त्यांनी तेव्हाच खोटी ठरविली.

पुढे त्यांनी काय केले? १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले. १८८९ साली मार्चच्या ११ तारखेस मुंबईस शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. बाप्तिस्मा होता, विद्या होती, शास्त्राचा अभ्यास होता, आणि अनाथ विधवांची सेवाही होती. यापेक्षा अधिक काय हवे, असे आपण कोणीही विचारले असते.

परंतु स्वतः रमाबाईंनी आपल्या साक्षीत निराळेच लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. धर्माची तत्त्वे बुद्धीस पटली होती. पण आपले सर्व ओझे दुसऱ्याच्या हाती देऊन निश्चिंत होणे, हे झालेच नव्हते.

ही जाणीव त्यांस एका पुस्तकाच्या वाचनाने अधिक स्पष्ट झाली. विल्यम हॅस्लम नावाचा एक इंग्रज पाळक होता. गाव चांगले, उपासनामंदिर नवे, काम नेकीचे. १८५१ साली कॉर्नवॉल परगण्यात एका आदितवारी तो उपदेश करीत असता, आपण लोकांस जे सांगत आहो ते आपण स्वतः कधी स्वीकारलेच नाही, हे उपदेशाच्या मध्येच त्यास कळून आले. त्याच व्यासपीठावर त्याचा पालट झाला. मंडळीत बसलेल्या एकाने उठून मोठ्याने सांगितले की, आमच्या पाळकाचे परिवर्तन झाले! त्याचा हा अनुभव वाचून रमाबाईंनी तोच प्रश्न स्वतःस विचारला.

या शोधानंतर त्यांचे काम थांबले नाही, ते वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात, जिने स्वतः उपास काढले होते अशी ही बाई मध्यप्रांतात गेली व भुकेने मरावयास टेकलेल्या शेकडो स्त्रिया व मुली घेऊन आली. १९०० साली गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच केले. केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे दोन हजार जिवांची सोय झाली. १९२२ साली एप्रिलच्या ५ तारखेस त्यांचा अंत झाला. तोवर त्या बायबलाच्या मराठी भाषांतरावर परिश्रम करीत होत्या.

यावरून काय शिकावयाचे? काम हे फळ आहे, मूळ नव्हे. फळ नसेल तर झाड वाळलेले समजावे. पण कागदाची फळेही दोऱ्याने फांदीस बांधता येतात. दुसरे असे की, रमाबाईंची ही परीक्षा दुसऱ्या कोणी घेतली नाही. ती त्यांनी स्वतः घेतली, आणि निकाल आपल्या विरुद्ध लागला तोही छापून प्रसिद्ध केला. लोकांनी ज्यास मोठे मानले त्याने 'मी अजून पोहोचलो नव्हतो' असे लिहावे, यास फार मोठा विश्वास लागतो.

लक्ष्मीबाई : उलटा क्रम

आता दुसरे उदाहरण पाहू. कविवर्य नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यासारख्या झाल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. ते कसे सुटले हे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे. कोणी वाद घालून त्यांस हरविले नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हे त्यांचे त्यांनाच विचार करता करता उमगले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाईन असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

रमाबाईंच्या बाबतीत पाणी आधी, पालट मागाहून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पालट आधी, पाणी मागाहून. बाह्य चिन्ह व अंतरीची गोष्ट एक नव्हेत, हे या दोघींवरून उघड होते. चिन्ह तुच्छ मानावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोघींनीही ते घेतले आणि त्यासाठी भारी किंमत दिली. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. नोंदवही देवाच्या दाराशी शेवटचा शब्द बोलत नाही, हे त्यांनी जाणले होते.

रांजणापाशी

थोरांच्या गोष्टी झाल्या. आता माझी सांगतो. ती थोर नाही.

१९९३ साली सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. सास्तूर आपल्याच उमरगे तालुक्यात होते. त्या दिवसांत घरोघरी भाकरी भाजून तिकडे पाठविल्या जात. कोणाच्या चुलीवरची भाकरी कोणाच्या तोंडी जाते, हे विचारताना मी कोणास पाहिले नाही. धर्म म्हणजे हाच, असे माझ्या बालमनाने ठरविले.

पुढे मी शिक्षक झालो. एका शाळेत, गावाचे नाव सांगत नाही, मी पवित्र शास्त्राचा विषय शिकवीत असे. वार्षिक परीक्षेत 'माझा शेजारी कोण?' असा प्रश्न घातला होता. एका ख्रिस्ती मुलाने दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत इतका सुंदर लिहिला की, मी त्यास पूर्ण गुण दिले. त्याच दिवशी दुपारी पाण्याच्या रांजणापाशी दुसरा एक ख्रिस्ती मुलगा ओगराळ्यास हात लावणार, तोच या पहिल्याने ते त्याच्या हातून घेतले व म्हटले, "ओंजळ धर, मी वरून ओततो." दोघांचे आजे एकाच प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा पावले होते, पण बाप्तिस्म्यापूर्वीच्या जाती निराळ्या होत्या, आणि त्या रांजणापर्यंत टिकून राहिल्या होत्या.

मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. पहिल्या मुलाचे वडील मंडळीतील वजनदार गृहस्थ होते. त्या रात्री मला झोप आली नाही असे लिहिले तर शोभून दिसेल. पण खरे असे की, मला उत्तम झोप लागली. आठ दिवसांनी बक्षीस दिले. ओंजळीने पाणी प्यालेला मुलगाही टाळ्या वाजवीत होता. नंतर तो मजजवळ येऊन म्हणाला, "सर, उत्तर त्याचंच बरोबर होतं ना?" मी हो म्हटले. "मग बक्षीस त्यालाच," असे म्हणून तो खेळावयास गेला.

पुढे कित्येक महिन्यांनी वर्गासाठी रमाबाईंची साक्ष वाचीत असता ते वाक्य मला आठवले. परीक्षेत खोटा ठरलेला तो लहान मुलगा नव्हता; त्यास तर घरी जसे दाखविले तसे तो वागला. खोटा ठरलो होतो मी. मी त्या दुसऱ्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांस म्हटले, "भाऊ, तुमच्या पोराचा अपमान माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि मी गप्प राहिलो. क्षमा मागायला आलो आहे." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाज टाकली आणि म्हणाले, "बसा सर, पाणी घ्या." त्या तांब्याचे पाणी मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातही मी माझी चूक सांगितली, आणि रांजणावरचे ओगराळे सर्वांचे आहे हे त्या दिवसापासून पाळले जाऊ लागले.

भूकंपाच्या दिवशी चांगले होणे सोपे असते. त्या दिवशी सर्व जग चांगले असते. रोजच्या रांजणापाशी, जेथे कोणी टाळ्या वाजवीत नाही आणि बोलल्यास कोणी वजनदार मनुष्य रागावतो, तेथे विश्वासाचा कस लागतो.

कसोटी कोणती?

वरील सर्वांचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली, खरा विश्वास किंमत देतो. नावाचा विश्वास लाभ असेल तोवरच टिकतो. दुसरी, खरा विश्वास लहान व रोजच्या गोष्टींत दिसतो : पाणी, पैसा, तराजू, आणि घरी आईबापांशी व भावंडांशी बोलणे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, खरा विश्वास आपली चूक कबूल करू शकतो. नावाच्या विश्वासास हे कधी साधत नाही, कारण नाव गेले तर त्याच्यापाशी दुसरे काहीच उरत नाही.

पालकहो, मुले आपले बोलणे ऐकतात, पण आपले ओगराळे पाहतात. घरच्या प्रार्थनेत शेजाऱ्याचे नाव घ्यावे आणि दारात त्याच शेजाऱ्याचा पेला वेगळा ठेवावा, तर मूल प्रार्थना विसरेल व पेला लक्षात ठेवील.

विद्यार्थ्यांनो, हा पाठ वाचून 'अमका नावाचाच ख्रिस्ती' अशी यादी करू लागाल तर पाठ फुकट गेला असे समजा. ही कसोटी आरशासारखी आहे. ती स्वतःपुढे धरावयाची असते. नाही म्हणून मागाहून मळ्यात गेलेला मुलगाही बापाचाच होता. आजवर तोंडाने हो म्हणून घरी बसलो असू, तरी दिवस अजून मावळलेला नाही, आणि मळ्याची वाट मोकळी आहे.

मननासाठी प्रश्न

१. दोन मुलांच्या दृष्टांतात तिसरा, हो म्हणून जाणारा मुलगा का दाखविला नसावा? विचार करा.

२. रमाबाईंचे १८९१ पूर्वीचे कार्य व नंतरचे कार्य यांची तुलना करा. पूर्वीचे कार्य व्यर्थ होते असे म्हणता येईल काय?

३. रांजणापाशी तुम्ही असता तर काय केले असते? उत्तर वहीत न लिहिता आज संध्याकाळी घरी सांगा.

४. गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाची क्षमा मागावयास हवी होती? या प्रश्नास गुण नाहीत.