लीला राव : विंबल्डनवरील पहिला विजय

केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या रावेर तालुक्यात टेनिसचे नाव क्वचितच निघत असेल. तरीही या खेळातील एका महाराष्ट्रकन्येची कारकीर्द येथील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. विंबल्डन स्पर्धेत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणजे मुंबईच्या लीला राव.

लीलाबाईंचा जन्म १९११ सालचा. वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित वैद्य, तर आई पंडिता क्षमा राव या संस्कृत कवयित्री. पुण्यात जन्मलेल्या क्षमाबाईंचे पितृछत्र बालपणीच हरपले होते. तरीही त्यांनी संस्कृतचा व्यासंग केला. त्यांची 'सत्याग्रहगीता' १९३२ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. विशेष म्हणजे त्या स्वतः टेनिसपटू होत्या. आई व मुलगी एकाच मैदानावर खेळत, हे त्या काळी नवलच होते.

१९३४ साली विंबल्डनच्या पहिल्या फेरीत लीलाबाईंनी ग्लॅडिस साउथवेल यांचा ४-६, १०-८, ६-२ असा पराभव केला. हे आकडे बोलके आहेत. पहिला सेट गेला होता. दुसराही गेला असता तर सामना संपला असता. त्या काळी टायब्रेक नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालत असे. अठरा गेमच्या या झुंजीत त्यांनी धीर सोडला नाही आणि तिसरा सेट सहज जिंकला. दुसऱ्या फेरीत इडा अॅडमॉफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या. पुढे त्यांनी आईच्या कथांवर संस्कृत नाटके लिहिली व नृत्यकलेवरही लेखन केले.

त्यानंतर हा मार्ग प्रशस्त होण्यास दीर्घ काळ लागला. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकला. २०१५ साली, मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झा यांनी मार्टिना हिंगिस यांच्यासह विंबल्डनचे महिला दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

लीलाबाईंना सुस्थिती, मैदान व खेळणारी आई या तिन्ही गोष्टी घरातच लाभल्या. ग्रामीण मुलीला त्या गावाने व शाळेने द्यावयाच्या आहेत. टेनिसचे पूर्ण मैदान २३.७७ मीटर लांब व १०.९७ मीटर रुंद असते. ते प्रत्येक गावी होणे कठीण. परंतु प्रारंभी एक भक्कम भिंत पुरते. जाळीची मधली उंची सुमारे ९१ सेंटिमीटर असते. तेवढ्या उंचीवर भिंतीवर रेघ ओढावी आणि चेंडू तिच्या वर मारण्याचा सराव द्यावा. शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास मुलींसाठी राखून ठेवावा व त्या वेळी एखादी शिक्षिका वा माता तेथे उपस्थित असावी.

प्रत्येक मुलगी विंबल्डनला जाणार नाही. पण मोठी झाली म्हणून तिचे खेळणे थांबू नये, एवढे पाहणे गावाच्या हाती निश्चित आहे.