वाळवंटातील यात्रा आणि काठावर आलेले पाणी

वाळवंट म्हटले की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? चंद्रभागा, तिचा काठ, दिंड्या आणि पताका. आपले वाळवंट पाण्याच्या कुशीतले आहे. परंतु भाविकहो, दुसरेही एक वाळवंट आहे. तेथे कोसच्या कोस नुसती वाळू, आणि पाणी पुरुषच्या पुरुष खोल. त्या थरच्या मुलखातही देवाच्या यात्रा भरतात. या पाठात त्यांचा विचार करू.

त्यासाठी फार लांब जायला नको. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी सुटताना घटकाभर उभे राहा. मारवाडकडचा कोणी कामगार भेटेल. शेजारच्या उल्हासनगरात गेलात तर सिंधी दुकानदार भेटेल. आपण त्यांच्याशी भावाचे बोलतो, मालाचे बोलतो; पण "शेठ, तुमची यात्रा कोणती, केव्हा भरते?" हे कधी विचारले आहे काय?

पहिली यात्रा कोलायतची. हे क्षेत्र राजस्थानात बिकानेरजवळ आहे. कपिल मुनींचे स्थान म्हणून तेथील सरोवराची ख्याती. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. लोक स्नान करतात, पाण्यात दिवे सोडतात. पंढरीची कार्तिकी एकादशी झाली, की चार दिवसांनी तिकडे हा सोहळा.

कोलायतचे आणि आपले नाते जुने आहे. ज्ञानदेव व नामदेव तीर्थयात्रेहून परतताना मरुभूमीत तहानेने व्याकूळ झाले, ती विहिरीची कथा परंपरेने याच ठिकाणची मानतात. विहीर अतिशय खोल. दोर नाही, पोहरा नाही. ज्ञानदेव योगसिद्धीने आत उतरून पाणी प्याले. नामदेवरायांनी मात्र विठ्ठलाचा धावा केला, आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. ही कथा सिद्धीपेक्षा भक्ती थोर, एवढ्यासाठी आपण सांगतो. ते खरेच आहे. पण आणखी एक गोष्ट बघा. खाली उतरून प्यालेले पाणी उतरणाऱ्यापुरते असते. काठावर आलेले पाणी वाटसरूचे, गुरांचे, पाखरांचे, सर्वांचे होते. हीच खूण धरून पुढे चला.

दुसरी यात्रा रामदेवऱ्याची. पोखरणजवळ रुणिचा गावी रामदेवबाबांची समाधी आहे. भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून दशमी-एकादशीपर्यंत मेळा चालतो. आपल्याकडे गणपती बसलेले असतात, तेव्हा तिकडे माणसे निशाण खांद्यावर घेऊन शेकडो मैल पायी चाललेली असतात. बाबांना कापडी घोडा वाहतात. हिंदू त्यांना कृष्णाचा अवतार मानतात, मुसलमान रामसापीर म्हणतात. त्यांच्या समाधीजवळच मेघवाळ समाजातील भक्त डालीबाईची समाधी आहे. वाचक माउली, हे ऐकून महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी आठवली ना? वाळू निराळी, पण ओळख तीच.

तिसरा उत्सव सिंधी बांधवांचा. सिंधचा पूर्व भाग थरच्या वाळवंटातच मोडतो, आणि तो सारा प्रांत सिंधू नदीवर जगतो. म्हणून त्यांचा झुलेलाल हा वरुणाचा अवतार. छळाला कंटाळून लोकांनी सिंधूकाठी चाळीस दिवस व्रत केले, तेव्हा नसरपुरात त्यांचा जन्म झाला, अशी श्रद्धा. चैत्रातले चेटीचंड ही त्यांची जयंती. जुलै-ऑगस्टात चाळीस दिवसांचे चालिहो व्रत पाळतात. ताटात दिवा, खडीसाखर, फळे मांडून बहिराणो काढतात, नाचत-गात पाण्याकाठी नेतात.

आता विचार करा. १९४७ च्या फाळणीत या लोकांची नदीच मागे राहिली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ते निर्वासित म्हणून आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. घर गेले, शेत गेले, सिंधू गेली, उत्सव राहिला. जे पाणी जवळ असेल, तेच त्यांनी सिंधू मानले.

कोणी म्हणेल, "महाराज, ही माहिती ठीक, पण आम्ही यातून घ्यायचे काय?" सांगतो. मरुभूमीत तळ्याच्या पाणलोटाला आगोर म्हणतात. आगोरात घाण करायची नाही, चपला घालून जायचे नाही, असा गावाचा जुना दंडक. यात्रेचे स्नान एक दिवसाचे, आगोराची राखण वर्षभराची. ज्यांना पाणी दुर्मिळ, त्यांनी ते देव मानले, आणि देव मानले म्हणून जपले.

आणि आपण? अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. महाशिवरात्रीला तेथे केवढी गर्दी! त्याच मंदिराला लागून वालधुनी वाहते. तिच्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळले, वस्त्यांचे मिसळले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात रसायने ओतली गेली, त्यांच्या वायूने शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावे लागले. देवाला अभिषेक करायचा, आणि देवाच्या पायाशी वाहणाऱ्या नदीकडे पाठ फिरवायची, याला भक्ती कशी म्हणावी?

दोष कारखान्यांचा आहेच. पण निर्माल्याची पिशवी पुलावरून कोण टाकतो? ते आपलेच हात. तेव्हा एवढा नेम करावा. नदीत काहीही टाकणार नाही, आणि कोणी रात्री टँकर रिकामा करताना दिसला तर गप्प बसणार नाही, लगेच तक्रार करीन. या कामी सिंधी शेजाऱ्याला बोलवावे, मारवाडी कामगारालाही बोलवावे. पाण्याची किंमत त्यांना आपल्याआधी कळली आहे.

नामदेवरायांनी हाक मारली तेव्हा पाणी काठावर आले. आपल्या दारी ते न मागता आले आहे. ते पिण्याजोगे राहू देणे, एवढेच आपल्याकडे राहिले.